नाडीवाल्यांचं बोट

पडदा वर जातो तेव्हा दुकानात कुणीच नसतं. असतो तो उजेड. समोरच्या काचेतून तिरका येऊन लांबलचक लाकडी टेबलावर पसरलेला. त्या उजेडात चार-पाच कॉम्प्युटर उघडेवाघडे बसलेले असतात. कुणाचा पंखा बाहेर आलेला, कुणाच्या तारा लोंबताहेत, जणू प्रयोग संपल्यावर रंग पुसायला बसलेली नटमंडळी. डावीकडच्या भिंतीवर खिळे आणि खिळ्यांवर उंचीप्रमाणे टांगलेले स्क्रूड्रायव्हर. उजवीकडे पत्र्याचं कपाट. त्याचं दार कधीच धड लागत नाही, म्हणून सुतळीने बांधलेलं. मागे एक फुलाफुलांचा पडदा, धुऊन धुऊन फुलं विरून गेलेला. त्याच्या पलीकडे घर. पडद्याआडून भांडं आपटल्याचा आवाज येतो आणि एक बाई विचारते, "अहो, माझा चष्मा बघितलात का?"

"बघितला की. तुझ्या नाकावर आहे," एक ठणठणीत आवाज उत्तर देतो, आणि पडदा सारून नाडीवाले प्रवेश करतात.

उंच, शिडशिडीत, कान मोठे, केस पांढरे पण भरघोस. खुर्चीवर बसण्याची त्यांची एक ऐट होती. आधी खुर्ची झटकायची, मग बाह्या दुमडायच्या, मग समोर जो कोणी गिऱ्हाईक असेल त्याच्याकडे बघून म्हणायचं, "आता जरा गप्प." मग बिघडलेल्या मदरबोर्डला बारीकसा वीजपुरवठा जोडायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्या हिरव्या पाटीवरून सावकाश फिरवायचं. तोंडाने काहीतरी गुणगुणणं चाललेलं असे. बोट फिरता फिरता गुणगुणणं अचानक थांबायचं. डोळे उघडायचे. "इथे. याला ताप आहे."

बोर्डावरचा एखादा भाग आतून शॉर्ट झाला, की वीज देताच तो तापतो. पण तो भाग असतो तिळाएवढा, आणि आजूबाजूला तसलेच शेकडो तीळ. मीटर सांगतो की घरात चोर आहे. कुठल्या खोलीत आहे ते सांगत नाही. नाडीवाल्यांचं बोट खोली सांगायचं. किंचित ऊब, दुसऱ्याला लागणारही नाही एवढीशी, पण त्या बोटाला कळायची. म्हणून त्यांचं हे नाव. खरं नाव त्यांच्या बायकोला आणि वीजबिल पाठवणाऱ्यांना तेवढं ठाऊक होतं.

ही विद्या त्यांना एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याने दिली होती. तो चष्म्याशिवाय दिवा आणि देव यांत फरक करू शकत नसे, पण बोटाने रेडिओची दुखणी ओळखायचा. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्ही गेले, कॉम्प्युटर आले, बोट तेच राहिलं.

आता गंमत ऐका. या माणसाने साऱ्या गल्लीला हत्यारं करून दिली होती. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला मीटरचे आकडे नीट दिसत नसत. त्याच्यासाठी एक डबी केली, पुरवठ्याच्या तारा तिच्यात खोचल्या की धड तारेचा दिवा लागायचा आणि मेलेल्या तारेचा नाही. दुसऱ्या एकाचे स्क्रू सारखे हरवत. त्याला लोहचुंबकाची पाटी दिली, वर मशीनचं चित्र काढलेलं, म्हणजे ज्या भोकातला स्क्रू त्याच जागी चिकटून बसणार. जुन्या टेबललॅम्पच्या मानेवर भिंग बसवून दिलं ते तर कितीजणांना. कुणी काम अडलं म्हणून आलं की नाडीवाले पत्र्याच्या कपाटाची सुतळी सोडायचे, आत खुडबूड करायचे आणि दोन-तीन दिवसांत काहीतरी अजब वस्तू त्याच्या हातात ठेवायचे.

स्वतःसाठी मात्र काही केलं नाही. कुणी विचारलं तर मधलं बोट नाचवून म्हणायचे, "हत्यार म्हणजे काठी. ज्याला दिसत नाही त्याने घ्यावी. मला दिसतंय."

अशीच एक काठी त्यांनी डावखुरीला दिली होती. ही त्यांच्याकडे काम शिकायला आलेली बेकरीवाल्याची मुलगी. लहानपणापासून भट्टीतले ट्रे ओढून ओढून तिची बोटं इतकी निबर झालेली, की उकळत्या पातेल्याचा काठ धरून ती गप्पा मारायची. हात चलाख, डोकं त्याहून चलाख, पण बोर्डाची ऊब तिला कळेना. एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, मी आपली पावच भाजते. मला हे जमायचं नाही."

नाडीवाल्यांनी एक लाकडी ठोकळा घेतला. त्याच्या बुडाला मऊ स्पंज चिकटवला. त्यावरून दुकानात बिलं छापतात तो गुळगुळीत कागद ताणून बसवला. या कागदाला शाई लागत नाही, चटका लागला की तो आपोआप काळा पडतो. बोर्डाला वीज द्यायची, जरा थांबायचं आणि ठोकळा हलकेच दाबायचा. जिथे ताप, तिथे काळा ठिपका.

"घे," ते म्हणाले होते. "ही तुझी कुबडी."

डावखुरी शिकली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तिने स्वतःचं दुकान थाटलं, आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं. वाटेत भेटली की नाडीवाले हटकून विचारायचे, "काय गं, कुबडी चालते ना?" ती हसून पुढे जायची.

आणि मग जगाला थंडी भरली.

म्हणजे नाडीवाल्यांचं तसं म्हणणं होतं. आधी शर्टाची बटणं बिघडली. पूर्वी न बघता लागायची, आता काजात जाईनात. "हल्ली बटणं करायची अक्कलच राहिली नाही कुणाला," ते म्हणाले. मग चहा बिघडला. "अगं, हा चहा आहे की सरबत?" यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वतःचा पेला फडक्यात धरून फुंकर घालत त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग बोर्ड बिघडले. पूर्वी बोर्डाला दुखणं झालं की ताप यायचा. हल्लीचे बोर्ड थंडपणे मरायला लागले. नाडीवाले डोळे मिटून बोट फिरवायचे, गुणगुणणं मुळी थांबायचंच नाही, सबंध पद संपून जायचं. मग डोळे उघडून म्हणायचे, "गार पडलाय. यात जीव नाही. नवीन घ्या."

"सगळं जग गार पडलं म्हणा," काकू पडद्याआडून म्हणाल्या, "तेवढे तुम्ही गरम."

"तुला यातलं काय कळतंय?"

"यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

त्यांनी कानाआड केलं. चाळीसेक वर्षं ज्या बोटाने कधी दगा दिला नाही, त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे घरच्या माणसावर चोरीचा आळ घेण्यासारखं. त्यापेक्षा जग बदललं, असं मानणं सोपं.

त्या दिवशी भरतकामवाल्या बाई आल्या होत्या. त्यांच्याकडे कपड्यांवर नक्षी उठवणारं एक मोठं मशीन होतं, आणि ते मशीन असं मानी, की त्या एका जुन्या कॉम्प्युटरशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. तो कॉम्प्युटर बंद पडला आणि सुई थांबली. बाई दारातच म्हणाल्या, "नाडीवाले, नवीन घ्या म्हणू नका. नव्याशी तो राक्षस बोलत नाही."

नाडीवाल्यांनी पुरवठा जोडला, डोळे मिटले, बोट फिरवलं. फिरवलं, परत फिरवलं. शेवटी ते म्हणाले, "बाई, गार पडलाय हो."

बाईंनी कॉम्प्युटर पिशवीत घातला, पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले आणि निघून गेल्या.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर काकूंनी त्यांचा हात धरला. "हे काय झालं?"

"कुठे काय?"

"हे हो. बोटाला."

नाडीवाल्यांनी पाहिलं. उजव्या हाताचं मधलं बोट. टोकाला टपोरा फोड, आत पाणी भरलेलं. दुसऱ्याच कुणाचं बोट आपल्या हाताला लावलंय, तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"भाजलं कधी?" काकूंनी विचारलं.

उत्तर द्यायची गरज नव्हती. दिवसभरात ते बोट एकाच तापू शकणाऱ्या वस्तूवर टेकलं होतं. तो बोर्ड तापला होता. चांगला फणफणला होता. फोड येईपर्यंत बोट त्याच्यावर ठेवून त्यांनी सांगितलं होतं, गार पडलाय.

काकूंनी एकेक करून बाकीची बोटं दाबून पाहिली. "इथे कळतंय?" नाही. "इथे?" नाही. डावा हात पुढे ओढला. तिथेही तीच गत. नाडीवाले ताटाकडे बघत म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

"डॉक्टरला तरी?"

"डॉक्टरला सांग. गल्लीला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं, पण पाटी उलटी करून ठेवली, 'बंद' लिहिलेली बाजू बाहेर. काकूंनी बोटाला औषध लावून पांढरी पट्टी गुंडाळली होती. ते स्टुलावर चढले आणि भिंतीवरचे स्क्रूड्रायव्हर एकेक करून काढायला लागले. सगळ्यात उंच आधी. जुन्या कापडात गुंडाळायचे आणि खोक्यात ठेवायचे. मनात हिशेब एवढाच होता, की दुकान आपण बंद केलं असं लोकांनी म्हणावं; लोकांनी आपल्याला बंद केलं असं होऊ नये. नटाने टाळ्या असताना उतरावं म्हणतात. पण टाळ्या असताना उतरायची इच्छा कुणाला असते?

काचेवर टकटक झाली. बाहेर डावखुरी. काखेत एक पिशवी. नाडीवाल्यांनी ती पिशवी ओळखली, बंद दोनदा बांधलेली.

"बंद आहे," ते आतून म्हणाले.

"दिसतंय. उघडा."

"पाटी वाचता येते ना?"

"तुम्हीच शिकवलंत, अडलेल्या कामाला पाटी नसते म्हणून. उघडा हो काका, हात भरून आला."

त्यांनी उघडलं. डावखुरी सरळ आत आली, भिंतीवरचे रिकामे खिळे तिने पाहिले, खोकं पाहिलं, आणि काहीच न पाहिल्यासारखी टेबलाशी जाऊन बसली. भरतकामवाल्या बाईंचा बोर्ड तिने बाहेर काढला.

"बाई काल माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, नाडीवाल्यांनी आशा सोडली, तू बघतेस का. मी त्यांना सांगितलं, काका आशा कशाला सोडतील? एखादा भाग शोधत असतील. त्यांच्याकडेच होईल काम, मी नेऊन देते."

"असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? काकांना ताप कळला नाही, असं?" तिने तारा जोडल्या. "लावा बोट."

नाडीवाल्यांनी हात मागे घेतला. "आज बोटाला सुट्टी आहे."

डावखुरीने पट्टीकडे पाहिलं. भट्टीपाशी वाढलेल्या मुलीला भाजल्याची पट्टी ओळखायला वेळ लागत नाही. आणि भाजेपर्यंत हात का निघाला नाही, हे तर तिला कुणीच शिकवायला नको होतं. तिने खांद्यावरच्या स्वतःच्या पिशवीतून एक ठोकळा काढला. लाकूड घासून घासून काळंभोर झालेलं, कडांना तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याची खळगी पडलेली. स्पंज नवा होता, कागद नवा होता. तिने वीज दिली, थोडी थांबली, ठोकळा बोर्डावर टेकवला आणि उचलला.

पांढऱ्या कागदावर एक काळा ठिपका. मुंगीच्या डोळ्याएवढा.

नाडीवाले त्या ठिपक्याकडे बघत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "मी त्याच्यावरच बोट ठेवलं होतं गं."

"असणारच."

"मला काहीच लागलं नाही. गेले कितीतरी दिवस लागत नाहीये. मला वाटलं, बोर्डच..." त्यांनी पट्टीचं बोट टेबलाखाली नेलं.

पडदा हलला. काकू बाहेर आल्या, हात पदराला पुसत. "सांगितलं का एकदाचं? बरं झालं. मी म्हटलं, हे नाही सांगणार, फुटेन ती मीच."

"संपलं गं आपलं," नाडीवाले म्हणाले. "आता काय राहिलंय? कुबडी घेऊन बसायचं?"

हे बोलले आणि त्यांनीच जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता.

डावखुरीने ठोकळा टेबलावर ठेवला. जरा जोरातच. "काका, एक विचारू? माझ्या बोटांना जन्मात कधी ऊब कळली नाही. याच ठोकळ्यावर मी दुकान काढलं, धाकट्या बहिणीचं शिक्षण केलं. ते सगळं खोटं धरायचं का?"

"तसं नाही गं म्हणायचं मला."

"मग कसं? मला चालते ती तुम्हाला का नाही चालत? आणि केलेली कुणी? मी तर फक्त कागद बदलत आले."

नाडीवाल्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते, हसत होत्या. "बरोबर सापडलेत," त्या भिंतीला म्हणाल्या.

मग नाडीवाल्यांनी तो ठोकळा उचलला. उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. कपाळाला आठी पडली. ही आठी काकू ओळखत होत्या. ती पडली की जेवण गार होणार, हे ठरलेलं.

"काय गं," ते म्हणाले, "हा ठिपका पडला खरा. पण कागद उचलल्यावर तो नक्की कुठल्या भागाचा, ते कसं ओळखतेस?"

"अंदाजाने. दोन-तीनदा दाबते."

"अंदाजाने?" त्यांचा आवाज चढला, तोच जुना ठणठणीत. "इतकी वर्षं अंदाजाने? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही वाटेत भेटल्यावर विचारायचात, कुबडी चालते का. लंगडते का, असं कधी विचारलंत?"

"घ्या!" काकू म्हणाल्या.

नाडीवाले उठले होते. कपाटाची सुतळी सुटेना. बोटांना गाठ कळेना. त्यांनी सरळ दातांनी सोडली, आणि त्यात त्यांना जरासुद्धा लाज वाटली नाही. आतून पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा निघाला. तो त्यांनी बोर्डाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकांवर बसेल असा कापला. कापला म्हणजे ते सांगत होते आणि डावखुरी कापत होती. वर बारीक चौकटी आखल्या, कागदावरही तशाच, पण आरशातल्यासारख्या उलट, आणि ठोकळा दर वेळी त्याच भोकांना जुळवून टेकवायचा. आता ठिपका ज्या चौकटीत पडेल, ती चौकट प्लॅस्टिकमधून बोर्डावर बघायची. चोर सापडला, खोली सापडली, आता पलंगसुद्धा सापडणार. सगळं जमेपर्यंत दुपार झाली. खोक्यातले स्क्रूड्रायव्हर एकेक करून लागतील तसे बाहेर आले आणि काम झालं की सवयीने आपापल्या खिळ्यावर गेले. ते परत भिंतीवर लागताहेत, हे नाडीवाल्यांच्या ध्यानातही आलं नाही. काकूंच्या आलं. त्यांनी रिकामं खोकं उचललं आणि चुपचाप आत नेलं.

या वेळी ठोकळा नाडीवाल्यांनी दाबला. गुणगुणत. कागद उचलला आणि गुणगुणणं थांबलं.

"इथे. याला ताप आहे."

खराब भाग डावखुरीने काढला, चांगला बसवला. बटण दाबलं. पंखा एकदा अडखळला, मग आपल्या नेहमीच्या सुरात घोंघावायला लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. नाडीवाल्यांनी डोळे पुसले आणि दुकानात धूळ फार उडते हल्ली, असं काहीतरी म्हणाले. ते कुणी मनावर घेतलं नाही.

बाईंना निरोप गेला. त्या धावतच आल्या आणि कॉम्प्युटर लेकराला उचलावं तसा उचलून घेऊन गेल्या. जरा वेळाने त्यांचा फोन आला. नाडीवाल्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. मागे सुईची खडखड आणि तिच्यावर बाईंचा आवाज, "चाललं हो! ऐकताय ना? राक्षस बोलायला लागला!"

"बाई," नाडीवाले म्हणाले, "काल मी चुकलो होतो. बोर्ड गार नव्हता. माझी बोटं गार पडली होती."

"अहो, मग त्यात काय," बाई म्हणाल्या. "मला तर सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवावं लागतं. असलं काही हत्यार सुईसाठी करता का?"

"उद्या या. बघू."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं, की बोटांच्या टोकांच्या नसा सुस्तावल्या आहेत, गोळ्या घ्या, बहुतेक जाग येईल, पण घाई करू नका. नाडीवाल्यांनी गोळ्या घेतल्या. घाई मात्र केली. ठोकळ्यांची. गल्लीत आता ज्याला हवा त्याच्याकडे तो चौकटींचा ठोकळा आहे, आणि कुबडी हा शब्द तिथे कुणी वापरत नाही. बोटांना जाग आली का म्हणाल, तर थोडी आली. बटणं लागतात. वरचं अजून काकू लावतात, पण ते बोटांसाठीच असं काही नाही.

त्या दिवशी मात्र एवढं सगळं व्हायचं होतं. डावखुरी निघण्याआधी काकूंनी तिघांचा चहा आणला, स्टीलच्या पेल्यांतून, वाफाळता. नाडीवाल्यांनी सवयीने हात पुढे केला.

"थांबा!" दोघी एकदमच ओरडल्या. "कढत आहे!"

नाडीवाल्यांनी हात आखडला. टेबलावर बिलाच्या कागदाची एक पट्टी उरली होती. ती त्यांनी पेल्याभोवती गुंडाळली, मोठ्या गांभीर्याने थोडं थांबले आणि सोडवून उजेडात धरली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट झाली होती. त्यांनी ती आधी डावखुरीला दाखवली, मग काकूंना, आणि खुर्चीत मागे रेलून बसले.

"खरंच गं, कढत आहे. निवू दे जरा. आता कुठे घाई आहे?"